गिरजा बोलली ती भाषा

“आब्लो,” सिस्टरबाई म्हणाल्या.

“आब्लो. मी बोलतो,” मनसाराम म्हणाला.

“आब्ला.”

“तो बोलते.”

“आन् ती? ती बी बोलतेच ना गा?”

मनसारामने मान खाली घातली. सिस्टरबाई स्पेनहून आलेल्या, मिशनचा दवाखाना त्याच चालवत. त्याच्या पडवीत दर रविवारी दुपारी ही शिकवणी चाले. पन्नाशीचा जंगल-नाकेदार, सातवी पास, स्पेन देशाची भाषा शिकतो म्हणून आलापल्लीपर्यंत लोक हसत. तो कोणाला कारण सांगत नसे. सिस्टरबाईंनाही त्याने सांगितले नव्हते.

शिकताना तो त्यांच्याकडे बघत नसे, कारण त्यांची मराठी गिरजाची होती. त्याच्या बायकोने आठ वर्षे त्यांच्याकडे स्वयंपाक केला. चुलीपाशी बसून दोघींनी एकमेकींना आपापली भाषा दिली. आता सिस्टरबाई ‘काऊन गा’ म्हणत, तेव्हा शेवटचे अक्षर गिरजासारखेच लांबवत. डोळे मिटले तर गिरजाच बोलते आहे असे वाटे. म्हणून तो डोळे मिटत नसे.

गिरजा भादव्यात गेली. सिस्टरबाई नागपूरला होत्या, नदीला पूर होता. तापाच्या तिसऱ्या दिवशी गिरजा मराठी विसरली. बरळली असती तर कोणाला काही वाटले नसते. ती बरळत नव्हती. नवऱ्याच्या डोळ्यांत बघून परक्या भाषेत दोन-तीन शब्द बोलायची आणि थांबायची, उत्तराची वाट बघितल्यासारखी. मग पुन्हा तेच.

तिचा थोरला भाऊ मुखरू गावचा पुजारी. त्याने नाडी पाहिली, कान तिच्या तोंडापाशी नेला आणि मागे सरला.

“जवाई, हे आपली गिरजा नाई बोलून राह्यली. बाहेरचं हाय.”

“मंग आता?”

“नाव सांगतवरी त्याले पानी नाई द्याचं. पानी देल्लं का ते घर करते. मंग माही बहीण कधीच नाई भेटत.”

गावात नेम असाच होता. दोन दिवस गिरजाला पाणी दिले नाही. मुखरूनेही ते दोन दिवस पाण्याला तोंड लावले नाही. बहिणीच्या उशाशी तो ‘नाव सांग, नाव सांग’ म्हणत बसून राहिला. पाचव्या दिवशी उजाडताना गिरजा गेली. सिस्टरबाई परतल्यावर मनसारामने एवढेच सांगितले, “ताप डोक्स्यात गेला.”

पण ते आवाज त्याच्या कानातून गेले नाहीत. ते सिस्टरबाईंच्या भाषेतले असावेत, हे त्याला फार उशिरा सुचले. तिने काय विचारले, हे त्याला हवे होते. सिस्टरबाईंना सरळ विचारावे, तर त्या दोन दिवसांचे सगळेच सांगावे लागले असते. म्हणून तो शिकायला बसला. चार महिन्यांत वही भरली, पण गिरजाचा एकही शब्द तीत आला नाही. नाक्यावर बसून तो ते आवाज पुटपुटे. बंडीवाले आपसांत म्हणू लागले, “तिच्यातलं निघून आता याच्यात शिरलं.”

“चला, सरळ क्रियापदं झाली,” सिस्टरबाई म्हणाल्या. “आता आडवी. आडव्या बैलावानी. जुंपली तरी आपल्याच वाटेनं जातेत.”

“किती हायेत?”

“जी रोज लागतेत, तीच जास्त आडवी. हे पाहा, तेनेर. म्हंजे जवळ असनं. पन ‘मी’ म्हनलं का रूप बदलते. तेंगो.”

मनसारामच्या हातावर काटा आला. अंगणात ऊन होते, कोंबड्या चरत होत्या.

“तेंगो सेद,” तो म्हणाला.

सिस्टरबाईंनी झटकन वर पाहिले. दुसरा शब्द त्यांनी शिकवलेला नव्हता. आणि त्यातला ‘से’ गिरजा लांबवायची, तसाच लांबवलेला होता. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

“हे कोनं शिकवलं तुमाले?”

“अर्थ सांगा, बाई.”

“हे तर गिरजा…”

“अर्थ सांगा.”

“मले तहान लागली,” सिस्टरबाई म्हणाल्या.

मनसारामने वही मिटली. मग त्याने ते दोन दिवस सांगितले, कोणाला दोष न देता, पंचनामा सांगावा तसे. सिस्टरबाईंच्या मांडीवरचे पुस्तक खाली पडले. ते कोणी उचलले नाही.

तेवढ्यात फाटक वाजले. मुखरू होता, हातात मोरपिसांचा कुंचा. बंडीवाल्यांचे बोलणे त्याच्यापर्यंत गेले होते. तो पायरीखालीच थांबला. गेल्या चार महिन्यांत तो फार वाळला होता.

“जवाई, घरी चला. लोक का का बोलतेत. मी उतरवतो तुमचं.”

“माह्यात काई नाई, भाऊ.”

“मंग हे काऊन शिकता?”

“ती का म्हनत होती, ते पाहाले.”

मुखरूने कुंचा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. विचारू की नको, असे त्याचे झाले. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, “समजलं?”

“समजलं.”

“बाहेरचंच होतं ना ते?”

सिस्टरबाईंचे ओठ हलले. मनसारामने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि त्या थांबल्या.

“हो भाऊ,” तो म्हणाला. “बाहेरचंच होतं. तुमी केलं ते बराबर केलं.”

मुखरू पायरीवर बसला. त्याने पदराने पुसावे तसे पंच्याने तोंड पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. “मले झोप नव्हती, जवाई,” म्हणाला.

दोघे गावाकडे निघाले. मुखरू पुढे चालत होता आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच मोकळे बोलत होता, यंदाच्या धानाचे, वाघाने नेलेल्या गोऱ्ह्याचे. मागून मनसाराम बरोबर जागी हुंकार देत होता. हुंकारांच्या मधे त्याचे ओठ हलत होते. आवाज निघत नव्हता.