आंबापोळीच्या डब्याने घेतलेला धसका

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, एका बाजूने चेपलेला. माझा जन्म वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात झाला, बिस्किटांसाठी. बिस्किटं संपली आणि गोदाआत्यांनी मला कोकणात नेऊन माझ्यात आंबापोळी भरली. तेव्हापासून दर मे महिन्यात मी भरभरून डोंबिवलीला येतो, त्यांच्या भावाकडे, साईनाथकडे. माझं झाकण टक् वाजलं की त्याची लेक सान्वी असेल तिथून धावत यायची. इतका मान कुठल्या स्टीलच्या डब्याला मिळतो, सांगा!

यंदा साईनाथने कुठेतरी वाचलं, की नावडत्या गोष्टीला आवडती जोडली की नावडतीही आवडू लागते. सान्वीला गणित अजिबात आवडत नसे. त्याने मला उचलून थेट गणिताच्या पुस्तकावर ठेवलं.

"आधी मस्त वास घे, मग अपूर्णांक सोडव. बरोबर आलं की एक तुकडा."

सुरुवातीला मजा आली. मी तर फुगलोच. गणित शिकवणारा डबा! पण मग उत्तरं चुकू लागली आणि साईनाथचा आवाज चढू लागला. "अगं, एवढं पण येत नाही?" म्हणत तो तिच्यासमोर माझं झाकण खाडकन बंद करायचा.

गणपतीनंतर गोदाआत्या आल्या. त्यांनी हौसेने मला उघडलं. "ये गं बाय, तोंड उघड."

सान्वी मागे सरकली. "आत्या, तो डबा बंद कर ना. त्याचा वास आला की गणिताची भीती वाटते."

मी हादरलो! माझ्यामुळे? ज्या वासावर ही पोर वाढली, त्या वासाने? म्हणजे जोडी जमली होती, पण उलटी. गणित आवडायचं राहिलंच, आंबापोळी मात्र नावडती झाली. आत्यांचा हात तसाच हवेत राहिला.

"साईनाथ, काय करून ठेवलंस रे हे?"



आता तो रोज संध्याकाळी मला उघडतो, स्वतः एक तुकडा खातो आणि काहीच विचारत नाही. परवा सान्वी हळूच जवळ आली.

"बाबा, गणित?"

"नाही गं. नुसती आंबापोळी."

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसत जा, ओलीत ठेवू नका, मी गंजतो. आणि तुमच्या आईबाबांना सांगा, आमची एखादी आवडती गोष्ट तरी नुसती आवडती राहू द्या. सान्वीने परवा नखाएवढा तुकडा खाल्ला. पण त्याआधी तिने मला उचलून, खाली पुस्तक नाही ना, ते पाहिलं.