मोरवालीची पोरगी

मले मोर आवडत नाई. पुस्तकात लिवतात मोर सुंदर, मोर नाचतो, मोर राष्ट्रीय पक्षी. लिवणाऱ्याच्या बापाचा हरभरा मोरानं कधी खाल्ला नसन. पोंभुर्ण्याच्या जंगलाले लागून ज्यायची वावरं हायेत, त्यायले विचारा. हरभऱ्याले घाटे धरले की उजाडल्यापासून मोरायची जत्रा भरते, आन गोटा मारायचीबी सोय नाई, फॉरेस्टवाले दारात येऊन बसतात. नुसतं हाकलायचं. आमच्या गावात हे काम माही माय करते. सत्यशीला तिचं नाव, पण ते फक्त राशन कार्डावर. गाव तिले मोरवाली म्हणते.

मोरवाली म्हणजे तेलाचा रिकामा डबा, एक काडी आन हा एवढा मोठा आवाज. आमचं वावर हातभर, म्हणून ती लोकायच्या वावरातबी रोजीनं मोर हाकलते. बाबा मिरची तोडाले तेलंगणात गेले की घर तिच्याच डब्यावर चालते. मले हे समजत नाई असं नाई. तरी शाळेत कोणी 'ए मोरवालीची पोरगी' म्हटलं की अंगाची लाही होते. दिव्यानी नाव हाये माह्यं, ते काय वाईट हाये का? आमच्या नववीतला निकेश तर मी वर्गात शिरली की बाक वाजवतो. एकदा मी त्याच्या डोक्यात कंपासपेटी घातली, तर मॅडमनं मलेच उभं ठेवलं.

मॅडम म्हणजे माधवी मॅडम, इंग्रजीच्या. यंदा त्यायनं वर्गात एक पेटी आणून ठेवली, बारक्या बारक्या इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकायची. पाहिजे ते घ्या, समजलं तेवढं वाचा, शब्द अडला तर सोडून पुढं चला, नाई आवडलं तर बदलवा. त्यावर प्रश्न नाई, गृहपाठ नाई. आमचा पहिले भरोसाच बसला नाई. पण मी जे वाचत सुटली ते सुटलीच. चुलीवर भात शिजून राह्यला आन मी पुस्तकात, असं करून कितीकदा भात करपवला आन मायच्या शिव्या खाल्ल्या.

या वाचण्याच्या जोडीले बोलायची परीक्षा होती. एक पुस्तक निवडायचं, त्याची गोष्ट आपल्या तोंडानं इंग्रजीत सांगायची, आन मंग ते आपल्या घराशी जोडून बोलायचं. पाठ करून आलेलं चालणार नाई, असं मॅडमनं बजावलं होतं. मार्क शाळेतच भेटणार, पण आपल्याच मॅडमनं देल्ले तर लोक वशिला म्हणतील, म्हणून त्या दिवशी शेजारच्या गावचे प्रफुल सर आमच्या शाळेत येणार आन आमच्या मॅडम त्यायच्या शाळेत जाणार. पालकायनंबी यावं, पोरं कशी बोलतात ते ऐकावं, असा निरोप घरोघरी गेला. मी मायले म्हटलं, तू नको येऊ, तुले त्यातलं काय समजते. ती म्हणाली, न समजू दे, आवाज तर ऐकू येईन.

माह्या पुस्तकात एक पोरगी होती. तिची माय मरते आन ती लहान भावाले वाढवते. त्यात एक वाक्य होतं, 'माय मदर इज नो मोर.' मले ते लय आवडलं होतं. मेली म्हटलं नाई, तरी मेली. आमच्याकडं माणूस मेला की सरळ मेला म्हणतात, एवढं हळू कोणी बोलत नाई. त्या पोरीच्या जागी 'मी' म्हणून गोष्ट सांगायची, असं मी ठरवलं. एवढंच ठरवलं होतं, खरं सांगते.

परीक्षेले एकेकाले आत बोलावत होते. बाकीची पोरं बाहेर, मागं पालक, समोर टेबलाशी सर आन त्यायचा मोबाइल, रेकॉर्डिंगसाठी. माह्या आधीच्या पोराचं संपलं आन माय आली. सरळ वावरातून आली. पातळ वर खोचलेलं, पायाले माती, आन काखेत तेलाचा डबा. बाहेर ठेवला तर कोणी नेईन म्हणून आत घेऊन आली असन. दुसऱ्या बाया धुतलेल्या साड्या नेसून खुर्च्यायवर बसल्या होत्या, ही दाराशी उभी राह्यली. तेवढ्यात खिडकीच्या लाकडावर ठकठक झालं. हळूच, दोन बोटायनं. निकेश, दुसरं कोण?

मी गोष्ट चांगली सांगतली. कुठी अडली नाई. सर मान हलवत होते. मंग त्यायनं इंग्रजीत विचारलं, ही तुझी स्वतःची गोष्ट हाये का? मी दाराकडं पाह्यलं. मायच्या काखेतला डबा पाह्यला. खिडकीवर पुन्हा ठकठक झालं.

"येस सर," मी म्हटलं. "माय मदर इज नो मोर."

सरांनी चष्मा काढून पुसला. इंग्रजीत काई तरी बोलले, हिंमत ठेव असं. मंग ते टाळ्या वाजवाले लागले, म्हणून मागच्या सगळ्या पालकायनं वाजवल्या. मायनं डबा खाली ठेवला आन दोन्ही हातानं वाजवल्या. तिच्याच टाळ्या सगळ्यात मोठ्या होत्या.

घरी येताना तिचा पाय जमिनीवर नव्हता. म्हणे, तू माह्यावरच बोलली ना? मी ऐकलं ना बापा, तू माय म्हटलं, मदर म्हटलं, आन मोर म्हटलं. मोराचं सांगतलं ना सरले? मोराचा हा घोळ तवापर्यंत माह्या ध्यानातच आला नव्हता. मी हाव म्हटलं. तिनं विचारलं, मंग नो काऊन म्हटलं, नो म्हणजे तर नाई. आता इथी मी थांबाले पाहिजे होतं. पण खोटं एकदा तोंडाले लागलं की पुढचं आपोआप येते. मी म्हटलं, माही माय असली की वावरात मोर नाई, असं म्हटलं. तिनं रस्त्यातच थांबून ते वाक्य माह्याकडून घोकून घेतलं, आन हातपंपावर जाऊन सगळ्या बायायले ऐकवलं. लेकीनं शाळेत माह्यं नाव काढलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी भाकर घेऊन वावरात गेली. वावराच्या बांधावर, धुऱ्यावर पोचायच्या आधीच डब्याचा धडधडाट ऐकू आला, आन त्याच्यावर मायचा आवाज, "माय मदर इज नो मोर! नो मोर!" मोर उडून जंगलाकडं चालले होते. बाजूच्या वावरातली बायनाबाई पोट धरून हसून राह्यली होती. मायनं मले पाह्यलं आन म्हणाली, इंग्रजीले मोर जास्त भेतात वं. अशी ती जित्ती, धडधाकट, घामानं चिंब, आन आपण मेल्याचं साऱ्या शिवाराले ओरडून सांगत होती. मले माहीच किळस आली. भाकर तिच्यापाशी ठेवून मी पळत घरी आली.

सोमवारी माधवी मॅडमनं मले एकटीले बोलावलं. प्रफुल सरांनी त्यायले फोन केला होता. ती आई नसलेली पोरगी म्हणे लय हुशार हाये, तिले पैकीच्या पैकी देल्ले, तिच्या पुढच्या शिक्षणाचं मी पाहतो. मॅडमनं मोबाइलवर माह्यं बोलणं लावलं आन पुरं ऐकवलं. स्वतःचा आवाज एवढा वाईट मले कधीच लागला नव्हता. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, यात एकही चूक नाही. मंग मोबाइल बंद करून टेबलावर पालथा ठेवला.

"मार्क मी कमी करायला लावीन आणि सरांना खरं सांगीन," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या आईला मी काही सांगणार नाही. ते तुझं वाक्य आहे, त्याचा अर्थ तूच सांग."

मी म्हटलं सांगते, आन मंगळवारी नाई सांगतलं, बुधवारी नाई सांगतलं. मनात यायचं, गावात कोणाले इंग्रजी येते, जिरून जाईन. पण माय काई ते वाक्य सोडायले तयार नव्हती. उद्या रस्त्यानं फॉरेस्टचा एखादा साहेब जाईन, गाडी थांबवन, हसन, आन तिले अर्थ सांगन, दहा बायायसमोर. ते ऐकताना तिचं तोंड कसं होईन, ते माह्या डोळ्यासमोरून हटत नव्हतं. त्यापेक्षा मीच मेलेली बरी, असं वाटे.

शेवटी एका संध्याकाळी वावरात गेली. ती धुऱ्यावर बसली होती, डबा मांडीवर. मी बाजूले बसली, आन तोंडातून निघालं ते असं निघालं, "माय, ते वाक्य नको म्हणत जाऊ. त्यात मोर नाई."

"मंग काय हाये?"

"माही माय आता नाई, असं हाये. मेली, असं."

तिच्या हातातली काडी थांबली. काऊन म्हटलं असं, ते ती विचारन म्हणून मी तयारी करून आली होती. निकेशचं, पातळाचं, पायाच्या मातीचं सगळं सांगाचं, रडाचं, पाया पडाचं. तिनं त्यातलं काईच विचारलं नाई. पायाकडं पाह्यलं, खोचलेलं पातळ सोडून खाली ओढलं. तिले न सांगताच समजलं होतं. मंग बोलली.

"मंग लोकायनं टाळ्या काऊन वाजवल्या?"

"सरांनी वाजवल्या म्हणून."

"मीबी तं वाजवल्या," ती म्हणाली.

जंगलाकडून मोर एकेक करून हरभऱ्यात उतरून राह्यले होते. ती उठली नाई. मी तिच्या मांडीवरचा डबा घेतला, काडी घेतली, वावरात मधोमध जाऊन उभी राह्यली आन वाजवाले लागली. ओरडाचं होतं, पण तोंडावर तेच वाक्य आलं, म्हणून नुसतीच वाजवत राह्यली. मोरायनं मान वर करून माह्याकडं पाह्यलं आन पुन्हा खाले लागले.