तिहाईचा वार

मी तलवार बोलते आहे, आणि जे मी पाहिले नाही ते आधी सांगते. मितेश तांडेल या मुलाच्या डाव्या डोळ्याचे पुढे काय झाले, हे मी पाहिलेले नाही. त्याला शाळेच्या मैदानातून गाडीत घालून कुडाळला नेले आणि तेथून गोव्याला, एवढे लोकांच्या बोलण्यातून कळले. डोळा वाचला असे कोणी म्हणते. कोणी म्हणते की त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढाच फरक समजतो. यांपैकी कोणीही डॉक्टर नाही. म्हणून माझ्या पात्याच्या पोहोचीत जे घडले, तेवढेच मी सांगेन.

माझा जन्म मारातून झाला. घाटात उलटलेल्या एका ट्रकचा पाटा लोहाराने तापवला, ऐरणीवर ठेवून घणाने बडवला आणि दुभागला. त्या दोन तुकड्यांतून मी आणि माझी जुळी बहीण जन्मलो. आम्हाला घडवून घेणारा दशावतारी नट परशुराम राऊळ याची एकच अट होती: आवाज खऱ्या तलवारीचा हवा, धार मात्र नको. लोहाराने कानशीने आमच्या कडा बोथट केल्या. पण बोथट लोखंड हेही लोखंडच असते, हे त्या तिघांनाही ठाऊक होते. मी लोहाराच्या भात्यालाही त्यांत धरते.

परशुराम राजाच्या भूमिका करी. जत्रेच्या हंगामात एकामागून एक देवळांच्या प्रांगणांत माझ्या हातून असुर मेले. माणसांना हिंसा आवडते, हे मी फार लवकर शिकले. पण ती त्यांना बांधलेली हवी असते. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली असते, बोलणे जागच्या जागी सुचते. राजा आणि असुर आधी शब्दांनी भांडतात, मग मृदंगाच्या तालावर तलवारी भिडवत गोल फिरतात. कोणी पडायचे हे कथेने ठरवलेले असते. कधी पडायचे, हे मात्र नट ठरवत नाही. ते मृदंग वाजवणारा ठरवतो. तो तिहाई घेतो, म्हणजे एकच बोल लागोपाठ तीनदा वाजवतो, आणि तिसऱ्याच्या शेवटच्या थापेवर हरणारा वार अंगावर घेऊन कोसळतो. जिंकणारा त्याच क्षणी प्रेक्षकांकडे वळतो आणि तलवार उंचावतो. तिहाई येईपर्यंत मारत राहायचे आणि ती आल्यावर थांबायचे, एवढ्या एका नियमावर मी कोणाचेही रक्त न काढता म्हातारी झाले.

दुसराही एक नियम होता, तो कोणी कधी उच्चारला नाही. शब्दांच्या लढाईत पात्राला वाटेल ते बोलावे. त्या पात्राच्या आतल्या माणसाला बोलू नये.

परशुरामानंतर मी त्याच्या मुलाकडे, हरिश्चंद्राकडे आले. पण त्याच्या हातात आले नाही. तो अंगाने शिडशिडीत, आवाजाने हळुवार. तो स्त्रीपार्टी झाला, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारा नट. तो पातळ नेसून रंगमंचावर उभा राहिला की बायकाही त्याच्या चालीकडे पाहत राहत. जत्रेत दारू पिऊन आलेल्या एकाने एकदा त्याचा पदर ओढला, दुसऱ्याने त्याच्या पाठीत दगड मारला, असे त्याची आई काशीबाई सांगे. हरिश्चंद्र घरी येऊन तेल लावून घेई आणि हसे. त्याने कधी कोणाला उलट उत्तर दिल्याचे मला ठाऊक नाही. मी भिंतीवर गंजत होते. एकदा काशीबाईने मला काढून फणस चिरायला घेतले. फणसाने मला हरवले, आणि तिने मला परत खिळ्याला लटकवताना चार शिव्या दिल्या.

गुडघा गेल्यावर हरिश्चंद्राने पातळ सोडले आणि मृदंग घेतला. मला भिंतीवरून उतरवले ते त्याच्या मुलीने, भक्तीने. ती नववीत होती. राख आणि कोकमाच्या सालींनी तिने माझा गंज घासून काढला आणि परसातल्या काजूच्या बुंध्यावर मला आपटायला सुरुवात केली. हरिश्चंद्र पायरीवर बसून ताल धरी आणि मधूनच ओरडे, "सपाट बाजून मार गो, कडेन नको." तिची मूठ घट्ट होती. परशुरामाची मूठ सुटी असे. तो मला नाचवायचा. ही मला धरायची.

तिच्या हायस्कुलात भाषण आणि नाटक यांचा कारभार किशोरी धुरी बाईंकडे होता. बाई कडक, पण कान शाबूत असलेल्या. वक्तृत्व स्पर्धेत मुले घरून कोणीतरी लिहून दिलेली भाषणे पाठ करून म्हणत. देवबागचा मितेश तांडेल त्यात नेहमी पहिला येई. घरात होड्या, पर्यटकांसाठी खोल्या, आवाजात ऐट. भक्ती मात्र व्यासपीठावर उभी राहून तिथेच विचार करी. तिला वेळेचे भान राहत नसे. घंटा वाजे आणि ती खाली येई. तिला कधीच क्रमांक मिळाला नाही. बाईंना मात्र कळले होते की त्या मुलांत एकच वक्ता आहे आणि बाकी सगळे पाठांतर आहे.

म्हणून स्नेहसंमेलनात बाईंनी दशावतार घेतला. राजा चंद्रसेन मितेश आणि वज्रासुर भक्ती. शाळेत युद्ध करणारी ही पहिली मुलगी. मृदंगावर हरिश्चंद्र. पुठ्ठ्याच्या तलवारी तालमीतच मोडल्या, तेव्हा भक्तीने आम्हा दोघी बहिणींना आणले. बाईंनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला, धार नाही याची खात्री केली आणि होकार दिला. शब्दांची लढाईही त्यांनी मोकळी ठेवली. ज्याला जे सुचेल ते त्याने बोलावे. मला वाटते, चूक झाली ती इथे, लोखंडात नव्हे. बाईंनी दशावताराचे स्वातंत्र्य दोघांनाही दिले. त्या स्वातंत्र्याची शिस्त एकीलाच घरातून मिळाली होती. आणि ऐन वेळी तिनेही ती पाळली नाही.

संमेलन दुपारी होते. मांडव भरलेला, पुढच्या रांगेत पाहुणे, मितेशचे काका भाई तांडेल मोबाईल धरून उभे. मितेशचा आवाज मागे पोहोचेना, म्हणून मृदंगासमोरचा माईक काढून त्याच्यासमोर ठेवला. ही क्षुल्लक गोष्ट लक्षात ठेवा.

शब्दांची लढाई सुरू झाली. मितेशने पाठ केलेली चार वाक्ये ठणठणीत म्हटली आणि त्याचे शब्द संपले. भक्तीला हे दिसले. तिने माझे टोक जमिनीला टेकवले आणि शांतपणे म्हटले, "राजन्, कुणीतरी लिहून दिलेले संपले वाटते. आता घंटा वाजवायची काय?"

मांडव हसला. चंद्रसेन राजाला कोणी काही लिहून दिले नव्हते. हा टोमणा मितेशला होता. न उच्चारलेला नियम आधी भक्तीने मोडला, हे मी तिच्या हातात असूनही सांगितले पाहिजे.

मितेशचे कान लाल झाले. राजाची भाषा त्याला सुचली नाही, घरची सुचली. माईकवर तो म्हणाला, "माझो बापूस दर्यार जाता. तुझो बापूस पातळ नेसान नाचता. आधी तुझ्या घरात बाप्यो खंयचो आनि बाईल खंयची, ता सांग."

घरात पुरुष कोण आणि बाई कोण, हे विचारताच शिट्ट्या सुरू झाल्या. मोठी माणसेसुद्धा हसली. हरिश्चंद्र विंगेत, पाहुण्यांच्या हारांच्या टेबलामागे बसला होता. त्याचा चेहरा कोणालाच दिसत नव्हता. मग मृदंगावर युद्धाची पहिली थाप पडली.

माझ्या मुठीवरचा घाम मला आठवतो. पहिले काही वार नेमून दिलेले होते: वर, खाली, उजवीकडून, फिरून. मग भक्तीने मनगट वळवले. सपाट बाजूऐवजी कड पुढे आली. माझ्या बहिणीच्या पात्यावर मी इतक्या जोराने आदळले की तिच्या अंगाला खाच पडली. मितेश मागे सरला. तिने त्याच्या ढालीवर मला मारले आणि ढालीचा पत्रा फाटला. तो घाबरला होता, पण त्यानेही उलट वार केले. एक तिच्या खांद्यावर बसला, दुसरा बोटांवर. तिची नखे फुटली. शिट्ट्या, झांज, लोखंड, टाळ्या. त्या गदारोळात मितेशने एक वार केला, तो मी अडवला, आणि तो विजेत्यासारखा प्रेक्षकांकडे वळला. त्याने तलवार उंचावली.

कथेप्रमाणे भक्तीने पडायला हवे होते. ती पडली नाही. तिने मला डोक्यामागून आणले आणि मी त्याच्या भुवईखाली उतरले.

हाडाचा स्पर्श मला पहिल्यांदाच झाला. तो काजूच्या बुंध्यासारखा नव्हता.

मितेश गुडघ्यांवर बसला, बोटांमधून रक्त गळू लागले, आणि मांडवाने टाळ्या वाजवल्या. दशावतारात असुराच्या तोंडातून कुंकवाचे पाणी काढतात, ते लोकांना माहीत होते. टाळ्या बराच वेळ चालल्या. किशोरीबाई धावत येऊन मुलाला कवेत घेईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

मग भाई तांडेल मंचावर चढले. त्यांनी मुलीकडे पाहिलेही नाही. त्यांनी माझी बहीण उचलली, विंगेत शिरले आणि हरिश्चंद्राला मारू लागले, पाठीवर, दंडांवर, गेलेल्या गुडघ्यावर. हरिश्चंद्र मृदंगावर पालथा पडून राहिला. भाईंनी त्याला लाथेने बाजूला केले आणि मृदंगाचे तोंड टाचेने फोडले. मागून आणखी चौघे आले. पडदा फाटला, हारांचे टेबल उलटले, कोणाच्या तरी पायाखाली झांज वाकली. भक्ती मला घेऊन भाईंच्या अंगावर निघाली होती. बाईंनी रक्ताने माखलेल्या हातांनी माझे पाते धरले आणि सोडले नाही. भक्तीने दोनदा ओढले. मग तिची मूठ सुटली, आणि मी खाली पडले.

पुढचे सारे मुख्याध्यापकांच्या खोलीत घडले. वर्तमानपत्र अंथरून मला टेबलावर ठेवले होते. खोलीत मुख्याध्यापक, शाळा समितीवरच्या वृद्ध आनंदीबाई, किशोरीबाई आणि साध्या कपड्यांतील एक महिला पोलीस. प्रश्न एकच होता, आणि तो किशोरीबाईंनी नीट मांडला: तिहाई वाजली होती का? वाजली नसेल, तर युद्ध चालू होते. भक्तीने नियमातला वार केला आणि मितेश चुकून वळला. वाजली असेल, तर तिने थांबलेल्या मुलाच्या तोंडावर तलवार मारली.

मोबाईलांवरची चित्रणे त्यांनी पाहिली होती. त्यांत शिट्ट्या होत्या. मृदंगाला माईक नव्हता, आणि वाजवणाऱ्याचे हात टेबलामागे होते. मला विचाराल, तर मीही ऐकले नाही. मी त्या वेळी लोखंडावर आदळत होते.

भक्तीला आधी बोलावले. तिची बोटे बांधलेली होती. ती शाळेतली भाषा बोलली. "तिहाई वाजली, सर. तिन्ही वेळा वाजली, मला स्पष्ट ऐकू आली. मला पडायचं होतं. मी पडले नाही."

आनंदीबाईंनी तिला विचारले, "बाय माझे, तुका कळता मां, तू काय सांगतंस ता?"

"कळता," भक्ती म्हणाली.

ती बाहेर गेली आणि हरिश्चंद्राला दोघांनी धरून आत आणले. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला. तो खुर्चीवर बसला नाही. "मी तिहाई घेतलंयच नाय," तो म्हणाला. "माझे हात मृदंगार होते. पोरगो तसा बोललो आनि लोक हसले, आनि माका वाटला, ह्या युद्ध आता संपूचा नाय. चेडवाक नेम ठावक आसा. तिहाई नाय, म्हणान ती थांबूक नाय. गुन्हो माझो."

महिला पोलिसाने मान वर केली. किशोरीबाई हळूच म्हणाल्या की दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकत नाही. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. त्यांना दोघांपैकी कोणाचेच म्हणणे नको होते. त्यांना 'अपघात' हा शब्द हवा होता, आणि शेवटी तोच सर्वांच्या तोंडी राहिला.

हरिश्चंद्र बाहेर पडला, तेव्हा दार उघडे राहिले. बाहेरच्या बाकावर भक्ती बसलेली मला दिसत होती. हरिश्चंद्र भिंत धरत तिच्यापाशी गेला.

"बाबा, तुमी काय सांगितलात?" तिने विचारले.

"खरा ता," तो म्हणाला. "आनि तू गो?"

"मी पन."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच उभा राहिला. दोघांनी एकमेकांना पुढचा प्रश्न विचारला नाही.

भक्तीच्या रागाविषयी मला शंका नाही. तो माझ्या मुठीत होता. पण राग असणे आणि नियम मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली दुसरी मला सिद्ध करता येत नाही. दोघांपैकी एक जण खोटे बोलला, किंवा एकाला जे झाले नाही ते झालेसे वाटले.

आता मी मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. माझ्यावरचे रक्त कोणी पुसले नाही. त्याचा गंज झाला आहे. भक्तीला मामाकडे, बांद्याच्या शाळेत घातले. आमच्या शाळेत नाटक बंद झाले. वक्तृत्व स्पर्धा होतात, पण भाषण आधी लिहून, तपासून घ्यावे लागते. मला वितळवा, विळे करा, माझी हरकत नाही. बक्षिसांच्या कपाटात मात्र मला ठेवू नका. आणि त्या मुलीच्या नावापुढे 'अपघात' हा शब्द लावून थांबू नका. तो शब्द तिला सोडवतही नाही आणि धरतही नाही.

विचारण्याजोगा एक साक्षीदार अजून आहे. मितेश शाळेत परतला आहे. प्रार्थनेच्या वेळी त्याचा आवाज कपाटापर्यंत येतो. त्या दुपारी तो तिहाई ऐकून वळला, की टाळ्यांच्या घाईने, हे त्याला अजून कोणीही विचारलेले नाही.