शामकलेने घातलेली शपथ

गोरेगावजवळच्या एका खेड्यात गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजार ईश्वरदासांच्या डोक्यात खूळ शिरलं: इंग्रजी पहिल्या इयत्तेपासूनच शिकवायचं. जीभ कोवळी असतानाच वळते, असं त्यांचं म्हणणं. मालगुजार म्हणतील ती पूर्व दिशा. मास्तर शिकवू लागले, आणि सहा वर्षांची कुंता आठवड्याभरात अंगणातल्या कोंबड्यासुद्धा इंग्रजीत मोजू लागली.

तिच्या आईला, शामकलेला, कौतुक वाटायचं सोडून धडकी भरली. बाजारात बकाराम सांगत होता, "इंग्रजी बोलनारी लहान लेकरं गोरा साहेब निवडून नेऊन राहिला. नाही त पहिलीपासून कायले शिकवतीन?" बकाराम राईचा पर्वत करणारा, हे साऱ्या गावाला ठाऊक. पण देवीच्या साथीत दोन लेकरं गमावलेल्या बाईला ते कोण समजावणार?

त्यात शाळा तपासायला साहेब येणार असल्याचा निरोप आला. त्या सकाळी कुंताची वेणी घालताना शामकला म्हणाली, "साहेबासमोर तोंड उघडलंस त माहं मेलेलं तोंड पाहशीन. माही शपथ हाय तुले."

शपथ मोडली की माणूस मरतं, याबद्दल पोरीला तिळमात्र शंका नव्हती.

साहेबाने विचारलं, मास्तरांनी चुचकारलं, कुंता गप्प. साहेब हसला आणि घोड्यावर बसून निघून गेला. कुंपणाआडून पाहणाऱ्या शामकलेचा जीव भांड्यात पडला.

पण घरी आल्यावरही कुंता बोलेना.

"साहेब गेला वं बाई. आता बोल."

नुसती मान हलली.

"शपथ सुटली, माय! बोल ना!"

ओठ घट्टच. दुसरा दिवस तसाच गेला, तिसराही. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं झालं. पण हे आपल्याच शपथेने झालं, ते शामकलेला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी ती लेकीला घेऊन शाळेत गेली. "मास्तर, इंग्रजीत बोलवा, कशातबी बोलवा. पर माह्या लेकराले बोलतं करा!"

मास्तर कुंतासमोर जमिनीवर बसले. "नाव सांग बाळा तुझं."

कुंताचे ओठ किंचित उघडले. शामकला श्वास रोखून पुढे वाकली, आणि आतून दाटलेल्या रडण्याने तिला जोराचा ठसका लागला.

कुंताने दचकून आईकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.