लोखंडी विंचवाचे दोन दिवे

बारा वाजता भंगारवाला साहेबराव टेम्पो घेऊन येणार होता आणि आमचा जुना टीव्ही जाणार होता. साडेअकरा झाले होते. माझ्याकडे तीन विमानं उरली होती आणि समोर होता लोखंडी विंचू.

काळेवाडीची खोली सोडून आम्ही चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये चाललो होतो. गुरुवार, म्हणजे कंपनीला साप्ताहिक सुट्टी. सामान बांधायला मी आणि माझा धाकटा भाऊ धम्मपाल दोघेही घरी. माळा रिकामा करताना लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला, पिवळ्या कॅसेटसकट. कॅसेटवरचं नाव कधीच फाटलेलं. आम्ही त्याला ‘शिपाई-विमान’ म्हणायचो. अर्धा खेळ शिपाई पळतो, फळ्यांवरून उड्या मारतो, खड्डे चुकवतो. मग तो विमानात बसतो, पडदा आपोआप सरकायला लागतो आणि नुसता गोळीबार! शेवटी विंचू. तो आमच्या हातून एकदाही मेला नाही. पंचवीस वर्षं हे माझ्या मनात ठसठसतंय. हसायचं तर खुशाल हसा, मला हरणं पचत नाही. आणि हा गेम आमच्या नव्या टीव्हीला जोडताच येत नाही. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

विंचवाला दोन लाल दिवे. एक डोक्यात, एक शेपटीत. एका बटणाने गोळी सुटते, ती डोक्याला लागते; दुसऱ्याने बॉम्ब, तो शेपटीवर पडतो. पण एक विझवून दुसऱ्याकडे वळावं तर पहिला पुन्हा पेटतो. हरामखोर!

“ताई, वर घे! वर!” धम्मपाल गादीच्या वळकटीवर उभा राहून ओरडला.

धडाम. दोन विमानं उरली.

“दोनी बटणं एकदम दाब की,” आई म्हणाली. ती कोपऱ्यात बसून कपबशा पेपरात गुंडाळत होती.

“एकदमच दाबतेय!”

“न्हाई दाबत. एक दिवा आदी जातोय, दुसरा मागनं. मला हितनं दिसतंय.”

“आई, तू मध्ये नको गं!”

हे वाक्य आमच्या घरात जुनं आहे. लहानपणी आईने एकदाच गेमचा रिमोट हातात घेतला होता. उडी आणि गोळी तिने एकदम दाबली, शिपायाला मागे झटका बसला आणि तो पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. आम्ही पोट धरून हसलो आणि रिमोट काढून घेतला. त्यानंतर तिने तो मागितला नाही, आम्हीही दिला नाही.

धडाम. एकच विमान. पावणेबारा.

“संपलं राव,” धम्मपाल मटकन खाली बसला. मी रिमोट आपटणार, तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं.

“इमान तू चालव. बटणं माझ्याकडं दे.”

मी नाही म्हणणार, तोच तिच्या हातांकडे लक्ष गेलं. सोजरबाई, पॉवर प्रेस ऑपरेटर, बावीस वर्षं. पत्रा कापणाऱ्या त्या प्रेसला दोन हिरवी बटणं असतात, लांब लांब. दोन्ही हातांनी एकाच क्षणी दाबायची. जरा मागेपुढे झालं तर प्रेस खालीच येत नाही. एखादा हात आत राहून बोटं जाऊ नयेत म्हणून ही सोय. आईचा शिपाई खड्ड्यात का पडायचा ते मला आत्ता कळलं. कंपनीत क्वालिटीला आहे मी, लोकांच्या चुका शोधायचा पगार घेते!

रिमोट आमच्या दोघींच्या मांड्यांवर ठेवला. बाण माझ्याकडे. बटणांवर आईच्या दोन्ही हातांचं एकेक बोट.

“मी म्हटलं की दाब.”

विमान गोळ्यांमधून वर काढलं, खाली घेतलं, पुन्हा वर. विंचवाने शेपटी उगारली.

“दाब!”

टक. एकच आवाज. डोकं आणि शेपटी, दोन्ही दिवे एकदम विझले. असं आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं! विंचू थरथरला, त्याचा एकेक सांधा फुटला आणि अख्खा पडदा पांढराफेक झाला.

धम्मपालने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या पिंकीताई लाटणं घेऊन धावत आल्या. मी आईला मिठी मारून गदागदा हलवत होते. रडतही होते, सांगायला कसली लाज.

“एवढं काय नाचताय?” आई हसत होती. “रोज दोन-दोन हजार पीस काढायची मी. तवा न्हाई कुणी शिट्टी मारली.”

ती गमतीने म्हणाली, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर हॉर्न वाजला. साहेबराव दारात आला. “टीव्ही उचलू का, ताई?”

“नाही द्यायचा. चऱ्होलीला नेणार.”

“अगं, तिथं जागा कुठाय?” धम्मपाल म्हणाला.

“तुझा पलंग काढू!”

आईने कपबशांचं खोकं पायाने बाजूला सारलं आणि रिमोट स्वतःकडे ओढला. “पयल्यापासनं लावा. एकटी खेळनार मी.”

शिपाई पळत आला. आईने दोन्ही बटणं एकदम दाबली. तो सरळ खड्ड्यात.

“परत,” आई म्हणाली.

आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो. रिमोटला कुणी हात लावला नाही.