पिवळं टेबल

सुनीतीने स्वयंपाकघरातली कात्री आणली, तनयाचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मनगटावरची पिवळी पट्टी कापून टाकली.

"टीचर रागावतील," तनया म्हणाली.

"रागावू देत. उद्यापासून तू जाणार नाहीयेस."

तिचा नवरा उन्मेष नुकताच ऑफिसातून आला होता. बूट हातात धरून तो दाराशीच उभा राहिला. पट्टीची भानगड त्याला समजावून सांगावी लागली. पहिलीच्या वर्गात वाचनाप्रमाणे मुलांचे गट पाडले होते. फडाफडा वाचणारी हिरवी, बऱ्यापैकी वाचणारी निळी आणि अडखळणारी पिवळी. पिवळ्यांचं टेबल वेगळं, दाराजवळ. पट्टी दिवसभर हातात. डबा खाताना, बसमध्येसुद्धा. बसमधली मोठी मुलं तनयाला 'येलो' म्हणून हाक मारू लागली होती, आणि आज स्टॉपवर सुनीतीच्या समोर तनयाने त्या हाकेला ओ दिली होती. सुनीतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या ओ देण्याने.

"सहा वर्षांची आहे ती," सुनीती म्हणाली. "आणि बसवलंय कोणाबरोबर? गरिबांच्या कोट्यातल्या मुलांबरोबर. त्यांच्या घरात एक पुस्तक नसतं. आपल्याकडे भिंत भरलीय."

उन्मेषने मान वर केली. मग त्याने बूट कपाटात ठेवले.

"प्रिन्सिपल मॅडमना एकदा भेटून तर बघ."

"भेटले मागच्या आठवड्यात. म्हणे, बच्चों को मोटिवेशन मिलता है."

त्याच संध्याकाळी तिने शाळेला मेल पाठवला: मुलगी महिनाभर घरी शिकेल, तोवर तुमच्या पट्ट्यांचं काय ते ठरवा. ऑफिसातून साठलेली रजा काढली. साहेबांनी कुरकुर केली, तेव्हा त्यांनाही तिने दोन शब्द ऐकवले.

मग दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत सकाळची शाळा भरू लागली. मराठी चित्रांची पुस्तकं, हिंदी गोष्टी, इंग्रजी कविता, जे हाताला लागेल ते. दुपारी मायलेकी बाहेर पडायच्या. मेट्रोत तनया स्टेशनांची नावं वाचायची, आधी हिंदीत, मग इंग्रजीत. मेहरौलीच्या बावडीच्या पायऱ्यांवर बसून दोघींनी संत्री खाल्ली आणि दगडावरच्या नक्षीत अक्षरं शोधली. फेब्रुवारी सरत आला होता. रस्त्याकडेला लाल फुलांचा सडा पडला होता.

"ही सावर," सुनीती म्हणाली.

"सावर म्हणजे?"

"सेमल."

"मग सेमलच म्हण ना. खुशबू पण सेमल म्हणते."

खुशबू हे नाव दिवसातून दहादा निघायचं. खुशबूला शिट्टी वाजवता येते, खुशबू पोळीचा रोल करते. पिवळ्या टेबलावरची ती शेजारीण होती. सुनीती हूं म्हणायची आणि पान उलटायची.

रेल्वे म्युझियममध्ये एका जुन्या इंजिनापुढे तनया थांबली आणि माहितीचा फलक वाचू लागली. एकेका अक्षराखाली बोट, मधेच लांबलचक थांबा. सुनीती गप्प उभी राहिली. मागून शाळेची एक सहल आली आणि गेली. तनयाने शेवटच्या ओळीपर्यंत फलक वाचला आणि सहज म्हणाली, "इथे घड्याळ लावत नाहीत ना."

"कसलं घड्याळ?"

"टीचर मोबाइलवर लावतात. मग माझे शब्द पळून जातात."

सुनीतीला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी संताप उसळला. एवढंच हवं होतं पोरीला, कोणी घाई न करणं. आणि त्यासाठी एवढ्या फिया घेणाऱ्या लोकांनी तिच्या हातात पट्टी बांधली होती.

महिना संपता संपता मुनिरकाच्या बाजारात मटार घेताना कोणीतरी मागून तनयाला मिठी मारली. दोन वेण्या, शाळेचाच स्वेटर. मनगटावर पिवळी पट्टी. मागे तिची आई, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन.

"तू स्कूल क्यों नहीं आती?" खुशबूने विचारलं.

"मम्मी घर पे पढ़ाती है. हम घूमने भी जाते हैं. कल चिड़ियाघर जाएँगे."

खुशबूने सुनीतीकडे पाहिलं. "आंटी, कल तो संडे है. मैं भी चलूँ?"

"अरे, ऐसे नहीं बोलते," तिची आई संकोचून म्हणाली. मग सुनीतीला म्हणाली, "बहुत याद करती है इसको. टेबल पे अब खुशबू से कोई बात नहीं करता. मैं तो दो कोठियों में झाड़ू-बर्तन करती हूँ, छुट्टी मिलती नहीं."

"देखते हैं," सुनीती म्हणाली. मटारचे पैसे देऊन ती निघाली. दुसऱ्या दिवशी तिघंच प्राणिसंग्रहालयात गेले. हत्तीपुढे तनया फारसं बोलली नाही.

सोमवारी शाळेतून फोन आला, मुलीला घेऊन या. प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये तनयाने समोर ठेवलेलं पान सावकाश, न चुकता वाचलं. मॅडम खूश झाल्या.

"वंडरफुल. आजपासून ग्रीन टेबल." त्यांनी आयाला बोलावून तनयाला वर्गात धाडलं आणि आवाज खाली आणला. "सच कहूँ तो आपकी बेटी को वहाँ होना ही नहीं चाहिए था. उस टेबल पर ज़्यादातर कोटे वाले बच्चे हैं. उनके घर में किताब-विताब कहाँ."

सुनीती ज्या माफीसाठी महिनाभर वाक्यं जुळवत होती, ती तिला मिळाली होती. ती थँक यू म्हणाली आणि बाहेर आली. पॅसेजमध्ये तिचे पाय मंदावले. ते वाक्य तिने आधी कुठे ऐकलं होतं, ते आठवायला फार वेळ लागला नाही.

वर्गाचं दार उघडं होतं. तनया दाराजवळच्याच टेबलावर खुशबूला खेटून बसली होती. पुस्तक दोघींच्या मध्ये, आणि अक्षराखाली बोट खुशबूचं.

"तनया, बेटा, इधर," टीचरनी हिरव्या टेबलाकडे हात केला.

तनया हलली नाही. टीचरना दारात सुनीती दिसली. "मॅडम, आप ही समझाइए ना."

सुनीतीने टेबलाकडे पाहिलं. खुशबूशिवाय तिथे आणखी तीन मुलं होती. एकाचा दात पडलेला, एकीच्या कानात कडुलिंबाच्या काडीचे तुकडे. तिघंही पुस्तक सोडून तिच्याकडे बघत होती.

"बैठने दीजिए," ती म्हणाली.

ती पुन्हा केबिनपाशी गेली आणि दार लोटून आत शिरली. कोणी बसा म्हणायची वाट न पाहता तिने खुर्ची ओढली. मॅडमनी फाइलमधून मान वर केली.

"जी, कुछ रह गया?"

"बाकी बच्चों की बात रह गई."

मॅडम हसल्या. "उनके पेरेंट्स की तो कोई शिकायत नहीं आई."

"मालूम है," सुनीती म्हणाली, आणि खांद्यावरची पर्स काढून तिने टेबलावर ठेवली.