लास्ट म्हणजे फर्मा

बायको गेल्यावर बूटवाल्यांनी तिचे कपडे मुलीला नेऊ दिले, भांडी सुनेला दिली. एका गोष्टीला मात्र ते कुणाला हात लावू देत नव्हते. दुकानात खुंटीला टांगलेली तिच्या पायाच्या फर्म्यांची जोडी. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्यावर चामडं ताणायचं, की बूट आकाराला येतो. लग्न झाल्यावर सुताराने कोरून दिलेली ही जोडी त्यांनी स्वतः घासून तिच्या मापाची केली होती. पुढे तिच्या उजव्या अंगठ्याशी हाड वाढत गेलं, तसतसे ते उजव्या फर्म्यावर चामड्याचे तुकडे ठोकत गेले. आता बूट घालणारी नव्हती. फर्म्यांवरची धूळ ते रोज बाहीने पुसायचे, एवढंच.

अशात एका सकाळी मेहुणी लंगडत दुकानात आली. बायकोची धाकटी बहीण. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली.

“काय मास्तरीणबाई, कुणाला लाथ घातलीत?”

“अजून नाही. तुम्हालाच घालायला आलेय, भावोजी,” म्हणत ती स्टुलावर मटकन बसली आणि तिने बूट काढला. डाव्या अंगठ्याशी हाड फुगून लाल झालं होतं.

“हे तयार बूट कुठून उचललेत?”

“सवलतीत होते.”

“पायही सवलतीतच मिळाला होता का?”

त्यांनी जमिनीवर कागद पसरला, तिचे पाय त्यावर ठेवले आणि पेन्सिल फिरवायला लागले. फिरवता फिरवता हात मंदावला. तीच लांबी, तीच रुंदी. अंगठ्याहून पुढे गेलेलं दुसरं बोटही तसंच. फरक एवढाच, की हिचं हाड डाव्या पायाला वाढलं होतं, आणि हिचा पाय वरून सपाट होता. बायकोचा उंच होता.

त्यांनी खुंटीवरच्या फर्म्यांकडे पाहिलं. मेहुणीला शांतता सोसायची नाही.

“या फर्म्याला इंग्रजीत काय म्हणतात ठाऊक आहे?”

“फर्माच म्हणत असतील.”

“लास्ट.”

“लास्ट? म्हणजे शेवटचा?”

“तो वेगळा. तो ‘लेट’च्या घरातला. लेट, त्याहून लेट, आणि सगळ्यात लेट तो लास्ट. पण ‘लास्ट नाइट’ म्हणजे शेवटची रात्र नाही हं, कालची रात्र. आणि पूर्वी जहाजावर माल चढवायचं एक माप होतं, त्याचंही नाव लास्टच. त्याचं कूळ आणखी निराळं.”

“शब्दांची एवढी टंचाई होती होय त्यांच्याकडे?”

“ऐका तर. तुमचा लास्ट फार जुन्या शब्दातून आलाय. त्याचा अर्थ पाऊलखूण. आणि त्याच घरातला दुसरा लास्ट म्हणजे टिकणं. आधी त्याचा अर्थ होता कुणाच्या तरी पावलांमागे जात राहायचं, वाट सोडायची नाही. जात राहिला तो टिकला. टिकणं मागाहून आलं.”

बूटवाल्यांना शब्दांचं फारसं कौतुक नव्हतं. पण पाऊलखूण त्यांना पटली. पाय निघून जातो आणि फर्मा दुकानात राहतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. बोलताना मात्र “बरं” एवढंच म्हणाले.

“मग माझा जोड कधी?”

“फर्मा नवा लागेल. फर्मे करणाऱ्या सुताराची नजर गेलीय. दुसरा कोणी सापडतो का बघतो.”

तिची नजर खुंटीकडे गेली. “आणि तो?”

“तो नाही.”

“माप तर जमतंय ना?”

“जमतंय. पण वरून घासून उतरवावा लागेल, कानशीने. लाकूड एकदा उतरलं की परत येत नाही, मास्तरीणबाई. आणि तिच्या पायाचं माझ्याकडे एवढंच उरलंय.”

तिने कसाबसा बूट चढवला, कळ आली तशी दातांवर दात दाबले आणि उठली. “डॉक्टर म्हणालेत, नीट बूट नाही मिळाला तर हाड कापू. कापू देत बापडे.”

दारापाशी जाऊन मागे वळली. “एक सांगू? रागवाल.”

“सांगा, आता कसला राग.”

“ताईला तुमचे बूट लागायचे. करंगळ्यांना. माझ्याकडे आली की आधी बूट काढायची आणि करंगळ्या चोळत बसायची. वर मला दम, ह्यांना सांगू नकोस हं, एवढे जीव लावून करतात.”

“काहीतरीच बोलू नका.”

असं म्हणाले खरे, पण त्यांना तिचे दुरुस्तीला आलेले जोड आठवले. प्रत्येक जोड बाहेरच्या कडेला फुगलेला असायचा. तू बाहेर झुकून चालतेस, चाल सुधार, असं ते तिला सांगायचे. ती म्हणायची, बरं, सुधारते.

त्यांनी खुंटीवरून जोडी काढली आणि करंगळीच्या जागी अंगठा फिरवला. दोन्हीकडे लाकूड आत गेलेलं. उजव्या हाडाचे लाड पुरवता पुरवता त्या कडेकडे त्यांनी कधी धड पाहिलंच नव्हतं.

“जन्मभर!” ते फर्म्यांवरच ओरडले. “जन्मभर घातलेस, आणि हूं नाही की चूं नाही! मी घोरतो हे सगळ्या नात्यात सांगत फिरलीस, आणि हे सांगायला तोंड नव्हतं?”

“ती म्हणायची, घोरणं सोसवत नाही, बूट सोसवतो,” मेहुणी म्हणाली.

त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीने पुसले आणि मेहुणीला बसा म्हणून खूण केली. चामड्याचे दोन तुकडे निवडले. रापीने कडा पातळ केल्या, करंगळ्यांच्या जागी चिकटवले आणि बारीक खिळे ठोकले.

“आधी तिचं नीट करतो. मग तुमचं.”

तुकडे बसल्यावर त्यांनी बोट फिरवून पाहिलं. मग उजव्या अंगठ्यावरचे जुने तुकडे एकेक करून उपटले, उलटे करून डाव्या फर्म्यावर लावले. शेवटी कानस उचलली. हात जरा थांबला. मेहुणी मुद्दाम रस्त्याकडे बघत बसली. थोड्या वेळाने तिला लाकूड घासल्याचा आवाज आला.

“बूट लागला तर तिथल्या तिथे सांगायचं,” ते मान वर न करता म्हणाले. “ताईसारखं मनात ठेवायचं नाही.”

“मी? मी आत्ताच सांगते. हे तुमचं स्टूल डुगडुगतंय.”